लग्नाची सीडी बघायचा डबा

आमच्या घरात प्लेस्टेशन टू शिरला तो डीव्हीडी प्लेअर म्हणून. दुसऱ्या कुठल्या नावानं तो शिरलाच नसता. उसाचं बिल यायला अवकाश असताना, माढ्यासारख्या गावात, 'खेळायचं मशीन घ्यायचंय' असं बापाला सांगणारा पोरगा एकतर शूर असावा लागतो, नाहीतर त्याची महिनाभर मामाकडं राहायची तयारी असावी लागते. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. म्हणून मी आबांना एवढंच म्हणालो, "ताईच्या लग्नाची सीडी आपल्याला बघताच येत नाही."

हे खरं होतं. फोटोवाल्यानं दिलेल्या डीव्हीड्या कपाटात साड्यांच्या घडीत पडून होत्या. आई म्हणाली, "जावयांनी इचारलं सीडी बघितली का, तर काय सांगायचं?" काम झालं.

साल होतं २००९. त्या वर्षी माढ्याचं नाव दिल्लीपर्यंत गेलं, कारण शरद पवार माढा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. आमच्या गल्लीत मात्र चर्चेला दोन विषय होते, आणि दुसरा आमचा डबा होता. सोनीनं तो २००० साली जपानात काढला आणि जगभरात पंधरा कोटींहून जास्त विकला. जपानातही पहिल्यांदा पुष्कळांनी तो सिनेमाच्या डीव्हीड्या बघायला घेतला, असं पुढं वाचनात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं. तिकडच्याही कुठल्यातरी आबांना कुणीतरी लग्नाची सीडी दाखवलेली असणार.

त्याच साली हैदराबादच्या एका कंपनीनं या मशीनसाठी 'हनुमान: बॉय वॉरियर' काढला. संपूर्णपणे भारतात बनलेला प्लेस्टेशन टूचा पहिला गेम म्हणून तो गाजला, आणि देवाला बटणं दाबून हलवणं बरं नव्हे म्हणून अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेनं त्यावर आक्षेपही घेतला. आमच्याकडं आक्षेप निराळा होता. आजी म्हणायची, "मारुतीला सारखं मरताना बघवत न्हाई. तुला खेळता येत नसंल तर दुसऱ्याच्या हातात दे." मग 'देसी अड्डा' आला. त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता. टीव्हीवर विटीदांडू खेळण्याचा फायदा एवढाच, की विटी शेजाऱ्याच्या पत्र्यावर जात नाही.

पुढं लेन्सनं मान टाकली. पूर्ण नाही. काही सीड्या ती वाचायची, काही नाही, आणि वाचता आली नाही की टीव्हीवर लाल पडदा दाखवायची. त्यावर इंग्रजीत नम्रपणे लिहिलेलं असायचं, की कृपया प्लेस्टेशन किंवा प्लेस्टेशन टूची सीडी घाला. घातलेलीच असायची. सोलापूरच्या एका दुरुस्तीवाल्यानं डबा न उघडताच "टाकून द्या, मोबाईलवर खेळा" असं निदान केलं. पैसे घेतले नाहीत, हे त्याचं मोठेपण. डबा माळ्यावर गेला आणि वापरात नसलेल्या पाट्या-वरवंट्याच्या शेजारी त्याची सोय झाली.

माळ्यावरून तो खाली आला त्याला कारण होमब्र्यू. म्हणजे कंपनीची परवानगी न विचारता हौशी लोकांनी एखाद्या मशीनसाठी स्वतः लिहिलेली सॉफ्टवेअरं. ती चालू नयेत म्हणून मशीनला कुलूप असतं. कंपनीच्या गेमच्या सीडीवर एक खूण असते, ती घरच्या सीडी-रायटरला उतरवता येत नाही. मशीन आधी खूण बघतं, मगच पुढचं बोलतं. पूर्वी यावरचा उपाय म्हणजे 'चिप मारणं': मशीन उघडायचं, आतल्या बोर्डावर केसाएवढ्या तारा सोल्डर करायच्या, आणि खूण बघून झाली असं चिपनं मशीनला परस्पर सांगायचं. तेव्हा कित्येक दुकानांत मशीनं चिप मारूनच मिळत. आमचा डबा बिनचिपेचा होता. ताईच्या लग्नाची सीडी बघायला चिप कशाला?

आणि इथंच खरी गंमत आहे. २०२० च्या जूनमध्ये सीटर्ट या टोपणनावाच्या एका प्रोग्रॅमरनं 'फ्री डीव्हीडी बूट' जाहीर केलं. त्याला चिप लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, एक कोरी डीव्हीडी पुरते. कारण खूण तपासायची ती गेमची. सिनेमाची डीव्हीडी मशीन खूण न बघताच लावतं; लावावीच लागते, नाहीतर लोकांच्या घरच्या डीव्हीड्या चालायच्या कशा? आता या डीव्हीडीत सिनेमाबरोबर काही छोट्या फाईली असतात. आत काय आहे, किती आहे, याची यादी. ती वाचताना मशीनमधला प्लेअर यादीत लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो, आपल्याकडं जागा किती आहे ते बघत नाही.

हे मला समजलं ते आमच्याकडच्या लग्नांमुळं. मुलीकडच्यांनी पन्नास पानं मांडलेली असतात आणि मुलाकडून पाचशे माणूस उतरतं. आलेलं माणूस काही परत जात नाही. मांडवात मावलं नाही की ओसरीवर बसतं, ओसरीवरून माजघरात सरकतं, आणि त्या गर्दीत एखादा चतुर पाहुणा थेट कोठीच्या खोलीत जाऊन बसतो. थोड्या वेळानं आचारी आत येतो आणि समोर दिसेल त्याला विचारतो, "पुढं काय वाढू?" पाहुणा सांगेल ते पंगतीत वाढलं जातं. नवरदेव कोण, यजमान कोण, याला तेव्हा काही अर्थ उरत नाही. सीटर्टनं हा पाहुणा डीव्हीडीच्या यादीत बसवून आत पाठवला. वीस वर्षं ही वाट उघडी होती, आणि ती होती नेमकी त्याच प्लेअरमध्ये, ज्याचं नाव सांगून मी डबा घरात आणला होता.

असली कामं करणाऱ्यांची जात जगभर एकच. निन्टेंडोच्या वी या मशीनमधल्या किल्ल्या बाहेर काढायला २००७ मध्ये काही पोरांनी जे हत्यार वापरलं ते म्हणजे चिमटा. भुवया कोरतात तो. पुढच्या वर्षी त्यांनीच 'झेल्डा' गेममधल्या घोड्याचं नाव सेव्ह फाईलीत इतकं लांब घातलं, की ते वाचता वाचता मशीनचा स्वतःवरचा ताबा सुटला. आमच्या माढ्यात कोट आणि माढेश्वरीचं देऊळ उभारणारे रावरंभा निंबाळकर पदरी घोडे बाळगून असणारच. त्यांनी घोड्यांची नावं आटोपशीर ठेवली असावीत. बुरूज अजून उभे आहेत.

आता हवी होती कोरी डीव्हीडी आणि ती लिहिणारं यंत्र. दोन्ही वस्तू बाजारातून कधी नाहीशा झाल्या ते कुणाला कळलंच नाही. मोबाईलच्या दुकानात पोरगा म्हणाला, "डीव्हीडी म्हणजे पेन ड्राईव्हच ना?" स्टेशनरीवाल्याकडं पुस्तकांना घालायच्या खाकी कव्हरांखाली दोन सीड्या निघाल्या, पण सीड्याच. शेवटी सुचलं, की ज्यानं ताईच्या लग्नाची डीव्हीडी केली तोच धंदा अजून डीव्हीड्या करत असणार. फोटो स्टुडिओत गेलो. यंत्र होतं, वर धूळही नव्हती.

"लग्न कुणाचं?" स्टुडिओवाल्यांनी विचारलं.

"लग्न नाही. एक फाईल आहे, ती डीव्हीडीवर मारायची."

"बारसं?"

"नाही हो, प्रोग्रॅम आहे."

"तेच म्हणतोय. कसला प्रोग्रॅम?"

त्यांनी फाईल डीव्हीडीवर नुसती ठेवून दिली, पेन ड्राईव्हवर ठेवतात तशी. ती उलगडून, इमेज म्हणून लिहावी लागते, हे समजावताना दोन चहा झाले. लिहून झाल्यावर त्यांनी सवयीनं मार्कर उचलला आणि डीव्हीडीवर गणपती काढून 'शुभविवाह' लिहिलं. मी अडवलं नाही. घरी न्यायला ते सोयीचंच होतं.

घरी नाना येऊन बसले होते. नाना म्हणजे माझे चुलते, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पाने, पकडी, सोल्डरिंगची बंदूक असा सगळा सरंजाम पिशवीत घालून आले होते. मशीनमध्ये काही बदलायचं आहे एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं.

"कुठनं उघडायचं?" नाना म्हणाले.

"उघडायचं नाही, नाना. नुसती डीव्हीडी लावायची."

"उघडल्याबिगर सुधारलेली वस्तू मी आजवर बघितली न्हाई."

त्यांचा हिरमोड मला बघवेना, म्हणून लेन्स स्पिरिटनं पुसायचं काम त्यांना दिलं. ते त्यांनी इंजिनाचा बॉयलर तपासावा इतक्या गांभीर्यानं केलं. डीव्हीडी फिरली, थांबली, पुन्हा फिरली. आई पदराला हात पुसत बाहेर आली, कारण वर 'शुभविवाह' लिहिलेलं तिनं वाचलं होतं. मग पडदा बदलला आणि फाईलींची यादी आली. करड्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी, बाकी काही नाही. तो यूलाँच होता, होमब्र्यूच्या दुनियेतला पहिला उंबरठा, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. बाकीचे लग्न कधी सुरू होतंय याची वाट बघत होते.

आबांनी चष्मा लावला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "हे तर तलाठ्याच्या काम्प्युटरवर बी दिसतंय."

तेही खरंच. पुढं मी आठ एमबीच्या जुन्या मेमरी कार्डावर 'फ्री एमसी बूट' बसवलं, म्हणजे दर वेळी थकलेल्या लेन्सला उठवायला नको. माझ्याकडच्या विकतच्या गेमांच्या प्रती पेन ड्राईव्हवर घेतल्या. यूएसबीचं भोक त्या काळचं, एक पॉइंट एकचं. मधले सिनेमे अडखळत चालतात, पण मारुती पळतो.

गल्लीतले वकीलसाहेब माढ्याच्या कोर्टातून येताना चहाला टेकले आणि त्यांनी हे सगळं पाहून भुवया चढवल्या. म्हणाले, २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात ६५-अ कलम आलंय, असं कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आईचा चेहरा उतरला. मग त्यांनी कलम सावकाश उलगडलं: कुलूप तोडण्यामागं दुसऱ्याचा हक्क बुडवायचा हेतू असला पाहिजे. "तर तुझा हेतू काय?" त्यांनी मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात घेतलं.

माझा हेतू साधा आहे. पैसे मोजून आणलेल्या डब्यात काय चालवायचं ते मी ठरवावं. सोनीलाही हे कधीकाळी मान्य होतं. २००२ मध्ये तिनं स्वतःच या मशीनसाठी कीबोर्ड-माऊससकट लिनक्सचा संच विकला. पुढच्या प्लेस्टेशन थ्रीवरही लिनक्स चालायचं. २०१० मध्ये एका अपडेटनं ती सोय काढून घेतली. विकलेल्या वस्तूतला तुकडा नंतर परत घ्यायचा, हा व्यवहार मला आजही पटलेला नाही. पण एवढं सगळं वकिलांसमोर सुचलं नाही. मी म्हणालो, "विहिरीवरची मोटर."

बोलून बसलो होतो, तेव्हा करणं भाग होतं. शेतीची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. पाळी कुठली यावरून आमच्या घरात रोज एक वाद ठरलेला. मी ठरवलं, की हे वेळापत्रक डब्यावर दाखवायचं. एन्सेलाडस नावाचं साधन आहे. त्यात लुआ भाषेत थोड्या ओळी लिहून पेन ड्राईव्हवर टाकल्या की मशीन त्या चालवतं. पहिला शब्द लिहिला 'दिवस'. पडद्यावर पहिली वेलांटी 'द'च्या मागं जाऊन बसली. २९४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, क्षणात हजारो त्रिकोण रंगवणारा, त्याला ऱ्हस्व वेलांटी कुठं द्यायची ते कळेना. शेवटी सगळे शब्द संगणकावर लिहून त्यांची चित्रंच केली आणि ती दाखवली.

आबांना बटणं शिकवली: चौकोन दाबला की आजची पाळी, त्रिकोण दाबला की उद्याची. त्रिकोण म्हणताच आईनं आबांकडं पाहिलं आणि आबांनी छताकडं. त्यांच्या उमेदीच्या काळात दवाखान्याच्या भिंतीवर एकच त्रिकोण असायचा. आपला त्रिकोण हिरवा आहे, लाल नाही, असं सांगून मी विषय मिटवला.

आबांनी चौकोन दाबला. पडद्यावर 'रात्री' आलं. त्यांनी मान डोलावली. मग बराच वेळ डब्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "घरची लाईट गेल्यावर हे सांगंल का, लाईट कवा येणार?"

नाही, हे सांगणार नाही. होमब्र्यूची हद्द तिथं संपते.

तेव्हा तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर भंगारात घालू नका. आधी मागचा स्टिकर वाचा: शेवटच्या, ९०००० मालिकेतल्या बऱ्याच मशीनांवर 'फ्री एमसी बूट' चालत नाही, पण डीव्हीडीचा रस्ता उघडा आहे. स्टुडिओवाल्यांना 'इमेज' हा शब्द आधीच सांगा. आणि कोरी डीव्हीडी घेताना मायनस आर घ्या, प्लस आर घेऊ नका.