सगळं सेट आहे!

"टेन्शन घेऊ नका, सेट करतो," असं म्हणून काका खुर्चीत मागे रेलले, की समोरच्याचा बीपी चढायला लागतो. हे काका वाचकांच्या ओळखीचे आहेत. प्रत्येक सोसायटीत ते असतातच. नसले तर शेजारच्या सोसायटीतून येतात. नळाला पाणी नाही? पाणीखात्यात सेट करतो. वहिनींच्या मुलाचं जमत नाही? "एक मुलगी आहे बघण्यात, सेट करू." गच्चीवरची डिश त्यांनीच सेट केली. तेव्हापासून वहिनींकडे दोनच चॅनल दिसतात, त्यातलं एक तमिळ.

क्रियापद मात्र काकांनी तालेवार निवडलंय. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट'ची नोंद सगळ्यांत लांबलचक होती: सुमारे ६०,००० शब्द आणि ४३० अर्थ! सूर्य मावळला की सेट, जेली थिजली की सेट. मोडलेलं हाड बसवणं, टेबल मांडणं, गजर लावणं, परीक्षेचा पेपर काढणं, सगळं सेटच. पुढे 'रन'ने ६४५ अर्थ जमवून त्याला मागे टाकलं. त्या एका 'रन'पायी पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार नऊ महिने खपले. काकांच्या कानावर हे गेलं तर ते हळहळतील. "नऊ महिने? आधी सांगायचं ना, सेट केलं असतं!"

शाळेत सगळ्यांनी घोकलंय, गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन. 'सेट'पाशी आलं की पोरं खूश: सेट-सेट-सेट. काल, आज, एकच रूप. काका या व्याकरणाला पुरेपूर जागतात. "काका, रेशनकार्डाचं काय झालं?" "सेट आहे." म्हणजे झालंय, होतंय, की काका हे आत्ताच पहिल्यांदा ऐकताहेत? कळायला मार्ग नाही. एकदा "कार्यालय सेट आहे" या शब्दावर एकांनी पत्रिका छापल्या. मुहूर्ताला वऱ्हाड पोचलं, तेव्हा आत दुसऱ्यांच्या मुंजीच्या पंगती उठत होत्या. काका शांत. "जेवणाचं तर सेट झालं!"

मराठीत आल्यावर या शब्दाला थोडा वासही लागलाय. टेंडरात सेटिंग, तिकीटवाटपात सेटिंग. उलट प्राध्यापक व्हायला लागणारी 'सेट' परीक्षा जो रीतसर पास होतो, तो वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत राहतो. सेट होऊनही तो सेट होत नाही.

इंग्रजीत 'सेट' हे मुळात 'सिट'चं प्रयोजक रूप, जसं आपलं बसणे-बसवणे. सदन, संसद, परिषद ज्यातून निघाले, तो संस्कृतातला 'सद्' धातूही त्याच गोतावळ्यातला. आपण हाड बसवतो, हिरा बसवतो, गणपती बसवतो. काका कामं बसवतात. कधीकधी पार खाली बसवतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मोतीबिंदूचं मात्र खरंच जमलं. "सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आपलेच आहेत," काका म्हणाले होते, आणि कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. आजींचा नंबर पहिला लागला. सोसायटी चाट! पुढे तिथल्या शिपायाने आजींच्या नातवाला सहज विचारलं, "ते म्हातारे तुमचे कोण? पहाटे साडेचारपासून केसपेपरच्या खिडकीखाली रुमाल टाकून बसले होते." डॉक्टर काकांना ओळखत नव्हते. अजूनही ओळखत नाहीत.

नातवाने हे बोलून दाखवलं तेव्हा काका पहिल्यांदाच ओशाळले, मग चिडले. "हळू बोल की जरा! लोकांना वाटेल, आपली कुठे ओळखच नाही."

मग इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "दुसऱ्या डोळ्याचं कधी आहे? मंगळवारी? सेट आहे."