ताबा त्यांचा, गळती आमची

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्याने आपला करार एकदा तरी चष्मा लावून वाचावा. त्यात तो भाडेकरू नसतोच. तो असतो 'लायसेन्सी', दुसऱ्याच्या घरात वावरायची तात्पुरती मुभा मिळालेला इसम. पलंग त्याचा, फ्रिज त्याचा, सिलिंडर त्याचा, विजेचं बिलही त्यानेच भरायचं. तरी करार ठणकावून सांगतो की जागेचा कायदेशीर ताबा सदासर्वकाळ मालकाकडेच आहे. बाथरूमचा नळ गळायला लागला की मात्र हाच ताबा तडक आपल्याकडे येतो. "वापरता तुम्ही, मग दुरुस्ती कोण करणार?"

'लिव्ह अँड लायसन्स' ही युक्ती निघाली ती मालकांच्या धास्तीतून. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जी गोठवली ती गोठवलीच. १९४० सालचं भाडं नातवंडांपर्यंत पोचलं, खोल्यांचे व्यवहार पागडीवर होऊ लागले आणि मालकाच्या हाती पावतीपुस्तक उरलं. मग मालकांनी भाडेकरूऐवजी परवानाधारक ठेवायची वाट शोधली. तर १९७३मध्ये सरकारने, १ फेब्रुवारीला परवान्यावर जागेत राहत असलेल्यांनाही भाडेकरूचा दर्जा देऊन टाकला! दुधाने तोंड पोळलं, म्हणून मालक तेव्हापासून ताकही फुंकून पितात. समजू शकतो.

पण आता ताकही फ्रिजमधलं आहे, हे त्यांना कोणी सांगायचं? ३१ मार्च २०००पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. मुदत संपूनही लायसेन्सी हलला नाही, तर मालकाने कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं. तिथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा. लायसेन्सीला स्वतःची बाजू मांडायची झाली, तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आधी तशी परवानगी मागायची. निकाल विरोधात गेला तर अपील नाही, फक्त पुनरीक्षण. आणि मुदतीनंतर जितके दिवस राहाल तितक्या दिवसांचं भाडं दुप्पट. एवढा बंदोबस्त मंत्र्यांच्या बंगल्यालाही नसेल.

तरी कराराची कलमं वाढतातच. मुळात मुदत अकरा महिन्यांचीच का? तर १९०८च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, ती चुकवायला अकरा महिने. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा प्रत्येक करार नोंदवावाच लागतो, मुदत कितीही असो. ती जबाबदारीही मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिन्यांचं मूळ कारण गेलं, अकरा महिने राहिले. दलालांचं भलं झालं. मुदत भरली की पुन्हा दलाली, पुन्हा भाडेवाढ, पुन्हा अंगठ्याचं यंत्र आणि वेबकॅम घेऊन घरी आलेला एजंट. "साहेब, कॅमेऱ्यात बघा. हसू नका." हसण्यासारखं काही नसतंच.

मग लॉक-इन. सहा महिने आपण घर सोडायचं नाही. मालकाने मात्र महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढावं. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आणि घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे, भिंती कितीही स्वच्छ असोत. पुढच्या आठवड्यात नव्या लायसेन्सीला जागा दाखवतात तेव्हा भिंतीवर तोच जुना रंग असतो. आपलं कॅलेंडर होतं तिथला चौकोन तेवढा जरा उजळ.

खरी गंमत डिपॉझिटची. मुद्रांक शुल्क काढताना सरकार परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतं आणि ते भाड्यात मिळवतं. म्हणजे ही रक्कम मालकाला कमाई करून देते, हे सरकारच्या हिशेबात पक्कं आहे. आपल्या करारात मात्र ती 'बिनव्याजी' परत करायची असते, तीही कापाकापी करून. राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये, असं केंद्राचा २०२१चा आदर्श भाडे कायदा सुचवतो. पण स्वीकारायचा की नाही हे राज्यांवर सोडलेलं. सक्ती नाही म्हटल्यावर घाई कुणाला?

मालकाच्या संरक्षणाला आमची हरकत नाही. आयुष्याची पुंजी घालून घेतलेला दुसरा फ्लॅट कोणी बळकावू नये, हे रास्तच आहे. पण घर अडवणाऱ्याला कलम २४ आहे, डिपॉझिट अडवणाऱ्याला काय आहे? घर रिकामं करून किल्ली हातात दिलेल्या माणसाने आपल्याच पैशांसाठी महिनोन् महिने फोन करायचे, नाहीतर वकील गाठायचा. वकिलाची फी ऐकली की अर्धं डिपॉझिट सोडून देणंच परवडतं, हे मालकालाही ठाऊक असतं.

म्हणून परवा आमच्या एजंटला एक कलम सुचवलं. मुदतीनंतर घर अडवलं तर दुप्पट भाडं, तसं मुदतीनंतर डिपॉझिट अडवलं तर दुप्पट डिपॉझिट. एजंट चपापला. "काय साहेब! असल्या एकतर्फी करारावर कोण सही करेल?"

आम्ही करतो. दर अकरा महिन्यांनी.