बोदलकस्यात फर्मवेअर कसं चढवावं: नवशिक्यांसाठी

साहित्य: लॅपटॉप एक, त्याचा चार्जर, काठोकाठ भरलेली बॅटरी, बाहेरची हार्ड डिस्क, तलावाच्या पाळीवर का होईना पण रेंज पकडणारा मोबाईल, आणि एक कागद. कागद कोणता घ्यावा ते पुढे नीट वाचा. माझं तिथेच चुकलं.

पायरी शून्य: करू नका. निदान आज नको. लॅपटॉप रेंगाळतो म्हणून फर्मवेअर बदलायला बसणाऱ्याने आधी ड्राइव्हमध्ये जागा किती उरली ते बघावं. लग्नाच्या तीन व्हिडिओंनी ती गच्च झाली असेल तर फर्मवेअर बिचारं काय करणार?

तरी करायचंच असेल तर फर्मवेअर म्हणजे काय ते समजून घ्या, आणि त्यासाठी बोदलकस्याच्या तलावासारखी दुसरी शाळा नाही. इंग्रजांच्या काळातलं धरण, शंभरी ओलांडलेलं. पाणी तलावात असतं, पण कोणत्या बांधीला ते कधी सोडलं आणि कोणाची पाळी राहिली, हे पाटकऱ्याच्या वहीत. लॅपटॉपमधल्या एसएसडी ड्राइव्हमध्येही तसंच. फाइल तुम्ही डेस्कटॉपवर ठेवलीत असं तुम्हाला वाटतं. ती खरोखर कुठल्या चिपच्या कुठल्या पानावर गेली ते एकट्या फर्मवेअरला ठाऊक. एकच पान घासून झिजू नये म्हणून ते जागाही सारखी फिरवत असतं. वही हरवली की तलाव तुडुंब आणि बांध्या कोरड्या. फर्मवेअर बदलणं म्हणजे ऐन रोवणीत, वही हातात असतानाच, पाटकरी बदलणं.

बदललेला पाटकरी बरा निघेलच असं नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये इंटेलने आपल्या एक्स-२५-एम ड्राइव्हसाठी नवं फर्मवेअर दिलं, त्याने काहींच्या ड्राइव्ह जागीच बसल्या आणि कंपनीला ते मागे घ्यावं लागलं. पण जुन्याला धरून राहणंही नेहमी शहाणपणाचं नसतं. क्रुशलची एम-४ ही ड्राइव्ह ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस चालली की लॅपटॉपसकट कोसळायची, आणि मग दर तासाला. त्यावरचं औषध जानेवारी २०१२ मध्ये आलेलं फर्मवेअरच होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने सांगितलं, की आमच्या सर्व्हरमधल्या काही ड्राइव्ह ३२,७६८ तास भरले की कायमच्या मरतील. माहिती गेली ती गेलीच. ते तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. सोळा बिटांत चिन्हासकट मोजलं तर ३२,७६७ च्या पुढे आकडा मावत नाही, हे वाचल्यावर मला तरी झोप लागली नाही. तेव्हा नियम असा: फर्मवेअरसोबतच्या टिपणात तुमच्याच मॉडेलचं नाव आणि तुमचंच दुखणं असेल तर चढवा. नसेल तर तलावावर फिरायला जा, हिवाळ्यात पाखरं छान येतात.

पायरी एक: वीज. बोदलकसा ज्या तालुक्यात आहे त्याच तिरोडा तालुक्यात ३,३०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. पण सागाची एक फांदी तारेवर आडवी झाली की मेगावॉट कोण मोजतो? बॅटरी भरलेली आणि चार्जरही लावलेला, दोन्ही. लॅपटॉपवाल्याचं हे एकच सुख आहे, ते घ्या.

पायरी दोन: ड्राइव्ह ओळखा. माझी इथे अख्खी दुपार गेली. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर पाळीवर उभं राहून उतरवलं, घरी येऊन चालवलं, तर ते म्हणे ड्राइव्हच दिसत नाही. ड्राइव्ह डोळ्यांपुढे चालू, त्याच ड्राइव्हवरून हे सॉफ्टवेअर चालू, आणि म्हणे दिसत नाही! कारण साधं होतं. लॅपटॉपसोबत आलेल्या ड्राइव्हचं फर्मवेअर बहुधा लॅपटॉपवाला देतो, ड्राइव्हवाला ओळख दाखवत नाही. सावत्र नातं. हे कळेपर्यंत मी बायोसमध्ये शिरून व्हीएमडी नावाचं बटण बंद केलं होतं, कारण कधीकधी तेही ड्राइव्ह लपवतं. त्यावर विंडोजच उठेना. बटण पुन्हा चालू केलं, उठलं. तुम्ही बायोसला हात लावणार असाल तर आधी त्या पानाचा मोबाईलने फोटो काढा.

पायरी तीन: फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. यावर लिहिण्यासारखं काही नाही. करा.

पायरी चार: बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला विंडोजने घातलेलं कुलूप. तुम्ही ते कधी चालू केलं नसेल, तरी नव्या लॅपटॉपवर ते बरेचदा आपलं आपण चालू असतं. फर्मवेअरआधी ते तात्पुरतं थांबवायचं आणि त्याची ४८ अंकी चावी कागदावर उतरवायची. मी चावी उतरवली, आणि उतरवली म्हणून थांबवायचं राहून गेलं. कागद म्हणून हाताशी आली ती मामाजींची चिठ्ठी. पुढच्या बाजूला धानाचे कट्टे आणि वजन, मागची बाजू कोरी होती.

पायरी पाच: चढवा. दोन-तीन मिनिटं लागतात. या काळात झाकण मिटू नका, भाच्याला गेम दाखवू नका. मग शिफ्ट दाबून धरून शट डाउन, म्हणजे विंडोज खरोखर झोपतं. एरवी नुसतं डोळे मिटून पडतं.

पुन्हा चालू केला. निळा पडदा. चावी द्या.

चिठ्ठी घेऊन मामाजी सकाळीच धान खरेदी केंद्रावर गेले होते. मी रेंजसाठी पाळीकडे पळत सुटलो. लॅपटॉप उघडाच, दोन्ही हातांवर.

"मामाजी, चिठ्ठीच्या मागं आकडे आहेत ना?"

"हायेत. कोंबडीनं पाय पुसल्यावानी."

"वाचा."

"चार, एक... एक का सात हाये रे हा?"

"बघा ना नीट."

"लिवलं तू, पाहू मी?"

इथे एक उपयोगाची गोष्ट. चावीचे सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला अकराने पूर्ण भाग जातो. ४१७९३४ ला जातो, ४११९३४ ला जात नाही. म्हणजे तो सात. चुकीचा गट पडदाही तिथल्या तिथे नाकारतो, पण हिशेब स्वतः केला की मामाजींना पुन्हा पुन्हा ओरडावं लागत नाही.

ओरडावं तर लागलंच. रेंज अर्धी, मागे ट्रॅक्टर. आठवा गट संपता संपता ते म्हणाले, "हाये का आजून? माहा नंबर आला."

नव्हता. फोन ठेवला. फर्मवेअरच्या रकान्यात नवा आकडा होता.

पायरी सहा: चावी बदला. रांगेत तीसेक माणसं होती.