नऊ ते पाचचा संसार

आठ वाजून बावन्न मिनिटांनी मिक्सरच्या बटणाकडे गेलेला सुनेचा हात अण्णांनी तिथल्या तिथे थांबवला. "आठ मिनिटं दम धर सूनबाई. नऊला सवलत लागते."

भाजलेले शेंगदाणे भांड्यात, पोराचा डबा ओट्यावर उघडा आणि शाळेची गाडी कोपऱ्यावर हॉर्न देतेय. त्या दिवशी पोरानं पोळीला गूळ नेला. संध्याकाळी मी हिशेब मांडला. आमचा मिक्सर ७५० वॅटचा. पाच मिनिटं फिरला तर युनिटचा सोळावा हिस्सा जळतो. दिवसा वापरलेल्या युनिटमागे सवलत ८० पैसे, म्हणजे चटणीपोटी वाचले पाच पैसे. सरकारनं चार आण्यापर्यंतची नाणी २०११ सालीच चलनातून बाद केली. आमच्या घरात ती अजून चालतात.

हे सगळं त्या नव्या मीटरपासून सुरू झालं. नवा मीटर म्हणजे आधी न येणार असलेला आणि मग आलेला पाहुणा. जून २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की सर्वसामान्यांच्या घरी स्मार्ट प्रीपेड मीटर बसणार नाहीत. गावानं सुटकेचा श्वास सोडला. मग एके दिवशी दोन पोरं शिडी घेऊन दारात उभी. "हा स्मार्ट नाही काका, टीओडी आहे. प्रीपेड नाही, पोस्टपेड आहे." आमच्याकडे लग्न मोडलेल्या स्थळाचा चुलतभाऊ दाखवायला आणतात, तसाच हा प्रकार. चेहरेपट्टी तीच.

टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे. कोणत्या तासाला किती वीज खाल्ली, हे मीटर लिहून ठेवतो आणि मोबाइलवर दाखवतो. १ जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या युनिटला ८० पैसे सवलत सुरू झाली, पुढच्या काही वर्षांत ती वाढत वाढत रुपयावर जायची आहे. कारण सरळ आहे. दुपारी सौर वीज उतू जाते आणि संध्याकाळी सगळे एकदम घरी येऊन बटणं दाबतात. तेव्हा लोकांनी दुपारी बटणं दाबावीत, अशी सरकारची इच्छा. दुपारी घरी कोण असतं, हा प्रश्न सरकारनं विचारलेला नाही. आमच्या घरी अण्णा असतात.

अण्णा ग्रामसेवक म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे रजिस्टर ठेवण्याची सवय हाडात. पूर्वीच्या काळ्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरायची. ती बघून फार तर 'मीटर पळतंय' एवढंच कळायचं, कोण पळवतंय ते कळत नसे. त्या अज्ञानात चाळीस वर्षं संसार सुखाचा झाला. आता तासातासाचे निळे खांब मोबाइलवर उभे राहतात आणि प्रत्येक खांबाखाली एक आरोपी असतो. सकाळी सहाचा खांब गीझरचा, म्हणजे माझा. सातचा इस्त्रीचा, म्हणजे पुन्हा माझा. रात्री आठचा मालिकेचा, म्हणजे आईचा. खरं तर टीव्हीला वीज लागते चिमूटभर, पण आईचा खांब म्हणून तो अण्णांना जास्त उंच दिसतो.

आमचं टाइमटेबल बदललं. दिंडोरीच्या डिसेंबरातल्या थंडीत आईची आंघोळ नऊ वाजून एक मिनिटानं, म्हणून देवपूजा साडेनऊला, म्हणून नैवेद्य दहाला. घरघंटी दुपारी, इस्त्री दुपारी, टाकीत पाणी चढवणं दुपारी. मी ऑफिसला चुरगळलेला शर्ट घालून जायला लागलो. साहेबांनी विचारलं तर सांगितलं, राष्ट्रीय ग्रीडवरचा ताण कमी करतोय.

महिन्याच्या शेवटी लाईटबिल आलं. एकूण १५२ युनिट, त्यातले ६० आम्ही मोठ्या कष्टानं नऊ ते पाचच्या कोंडवाड्यात हाकललेले. सवलत झाली ४८ रुपये. अण्णांनी बिल देवासमोर ठेवलं. खांब बघायला त्यांनी मोबाइलला मोठा नेटपॅक मारला होता, त्याचा विषय कुणी काढला नाही.

आता थोडं बाहेरच्या जगाचं. १९७३ च्या तेलटंचाईच्या काळातली एक गोष्ट डोनेला मेडोज या अमेरिकन विदुषींनी लिहून ठेवली आहे. ॲमस्टरडॅमजवळच्या एका वसाहतीत सगळी घरं एकसारखी, फक्त काहींचा मीटर तळघरात आणि काहींचा दर्शनी खोलीत. ज्यांना येता-जाता चकती दिसायची, त्यांचा वापर एक तृतीयांशानं कमी. हे वाचून मला हुरूप आला होता. आमचा मीटर तर दर्शनी खोलीच्याही पुढे, ओट्यावरच्या पेटीत आहे. अण्णांची खुर्ची त्याच्यासमोर आहे. तरी आमचा वापर एक तृतीयांशानं का कमी होत नाही? कारण त्या डच माणसानं स्वतःकडे पाहिलं असावं. अण्णा आमच्याकडे बघतात.

शेजाऱ्यांकडेही. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी आपला आकडा टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून 'सुप्रभात'च्या गुलाबाखाली युनिटं यायला लागली. समोरच्या घराचे ८४, आमचे १५२. अण्णा दोन दिवस समोरच्यांशी बोलले नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात मानसशास्त्रज्ञांनी हाच उद्योग शिस्तीत केला होता. घराघराच्या दाराला चिठ्ठ्या अडकवल्या: तुमचा वापर इतका, शेजाऱ्यांची सरासरी इतकी. जास्त वापरणारे कमी झाले, पण कमी वापरणारे वाढले! आपण उगाच काटकसर करतोय, असं त्यांना वाटलं. चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढला तेव्हा ते पुन्हा ताळ्यावर आले. २००७ साली हे छापून आलं. आमच्या ग्रुपवर समोरच्यांना हसरा चेहरा कुणी टाकला नाही. त्यांनी एसी घेतला.

आमच्या घरात बचतीची मोहीम जिथं उजेड दिसतो तिथंच चालते. पॅसेजमधला नऊ वॅटचा दिवा राहिला तर तीन खोल्यांतून तीन आवाज येतात. पाणी तापवणारा दोन हजार वॅटचा गीझर मात्र मुका, बंद दाराआड. अर्ध्या तासात एक युनिट घेतो, पण उजेड पाडत नाही, म्हणून साधू. त्या युनिटमध्ये पॅसेजमधला दिवा शंभर तासांहून जास्त जळला असता. सेट-टॉप बॉक्सवर अण्णांचा विशेष राग. रात्री टीव्ही बंद करूनही तो बारा वॅट खात बसतो, म्हणजे महिन्याला आठ-साडेआठ युनिट. हा शोध लागला त्या दिवशी त्यांनी मला झोपेतून उठवलं होतं. १०० युनिटांच्या पुढे दर दुपटीहून जास्त होतो हे खरं, पण तो वरच्या युनिटांनाच लागतो. अण्णांना मात्र एकशे एकावं युनिट म्हणजे लक्ष्मणरेषा वाटते, ती ओलांडली की सगळं बिलच रावणानं उचलून नेलं.

आणि आता खरी गंमत. पालखेड रस्त्याला आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, विहिरीवर पाचाची मोटर. शेतीच्या वीजबिलाचं सोनं झालंय: एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत मोफत. आमच्या मोटरला मीटर नाही. लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्री बिबट्याच्या वाटेनं कोण जाणार, म्हणून स्टार्टरला 'ऑटो' लावलेला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. शिवारात सगळ्यांनीच ऑटो लावलेत, त्यामुळे लाईट येताच सगळ्या मोटरी एका दमात उठतात आणि डीपी महिन्याआड जळते. ती जळाली की सगळे एकमेकांना ऑटो काढायला सांगतात.

पाचाची मोटर आठ तास चालली तर जळतात ३० युनिट. म्हणजे पाच दिवसांत आमच्या घराचा अख्खा महिना. परवा गेलो तर हौद भरून पाणी बांधावरून रस्त्यावर आलेलं. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "येऊ दे. लाईट फुकट आहे." आणि पॅसेजमधला दिवा मालवायला उठले.

अण्णांना मोजण्याचं वावडं आहे असं मुळीच नाही. त्यांच्या मामांची जमीन वाघाडच्या कालव्यावर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं, बापू उपाध्येंच्या मंडळींनी, तिथं शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. एकरावर पाणीपट्टी घेण्याऐवजी पाणी घनमीटरवर मोजून घ्यायचं ठरलं. पुढे अख्ख्या प्रकल्पाचा कारभार संस्थांकडे आला, आणि शेवटच्या टोकाला जिथं पाणी पोचत नव्हतं तिथं द्राक्षं आली. त्या काळात मामांच्या बांधावर पाणी एक तास जास्त चाललं, तर मामा स्वतः पाटकऱ्याला हाक मारायचे, कारण ते पाणी मामांच्याच संस्थेच्या खात्यावर पडायचं. ही गोष्ट अण्णा आम्हाला दर उन्हाळ्यात सांगतात, डोळ्यांत पाणी आणून. तेव्हाही मोटर चालूच असते.

मागच्या आठवड्यात सूनबाई तीन दिवस माहेरी वणीला गेली. आई तिच्याबरोबर गडावर जाणार होती. घरात उरलो मी, अण्णा आणि पोरगा. गुरुवार होता. आमचं घर स्वामी समर्थ केंद्राचं, गुरुवारी अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. पण रात्री अकरा वाजता भूक लागली, सिलिंडर संपलेला, पोरगा झोपलेला. अण्णा हळूच म्हणाले, "इंडक्शन आहे ना?" दोन ऑम्लेटं झाली, खिडक्या उघड्या ठेवून, एक्झॉस्टचा पंखा लावून. भांडं मी घासलं. टरफलं अण्णांनी स्वतः कोपऱ्यावर नेऊन टाकली. पुरावा शून्य.

सकाळी साडेनऊला वणीहून फोन. स्पीकरवर.

"अण्णा, काल रात्री अकरा ते बारा पाऊण युनिट कसलं?"

ग्राहक क्रमांक बिलावर असतोच. तो टाकून तिनंही ॲप घेतलं होतं, कधीचंच. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे. मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "ते शेतातल्या मोटरचं असेल."

"शेतातल्या मोटरला मीटर कुठाय, अण्णा?"