फाट्यावरचे व्हॅल्युअर

वारंगा फाट्यावर कुठल्याही वस्तूची किंमत विचारावी लागत नाही. ती न विचारता सांगितली जाते आणि सांगणारे मामा असतात.

नांदेडहून आलेला रस्ता इथे फुटतो. एक फाटा कळमनुरी, हिंगोली करत अकोल्याकडे, दुसरा हदगाव, उमरखेड करत यवतमाळ-नागपूरकडे. त्यामुळे हैदराबादेहून अकोल्याकडे निघालेलं, चाकं असलेलं जवळजवळ सगळं इथून जातं आणि खिचडी खायला थांबतं. खिचडी येईपर्यंत माणूस मोकळा असतो. मामा कायमच मोकळे असतात. धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालू. ट्रेलरवरून पवनचक्कीचं पातं चाललं, की त्याची किंमत. हार्वेस्टर आलं, त्याची किंमत. लग्नाच्या गाडीतून नवरी पाणी प्यायला उतरली, तर तिच्या गळ्यातल्याची किंमत, तीही मजुरी वजा करून. चूक निघत नाही, कारण पातं विकत घेऊन खात्री करणारा अजून फाट्यावर उतरलेला नाही.

मामा अंदाजपंचे बोलतात असं मात्र समजू नये. त्यांचं शिक्षण माळेगावच्या यात्रेत झालं आहे. खंडोबाची ही यात्रा नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवं, सगळ्यांचा बाजार. तिथे मामांनी उभी हयात दलाली केली. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, चेहरा दगडासारखा ठेवायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी सौदा दोघांनाच कळतो. त्या शाळेतून मामा एक सिद्धांत घेऊन आले: प्रत्येक वस्तूला दोन भाव असतात, काट्याचा आणि हौसेचा. काट्याचा भाव भंगारवाला सांगतो. हौसेचा भाव सांगायला माणूस लागतो, म्हणजे मामा लागतात.

एका हिवाळ्यात फाट्यावर वाहनं वाहून नेणारा ट्रक थांबला. मागे ताडपत्रीखाली एकच गाडी. मामांच्या डोळ्यांसमोर झाकलेली वस्तू ठेवणं हा त्यांचा अपमान असतो. खिचडीचा पहिला घास घेणाऱ्या मालकांपुढे ते उभे राहिले.

“साहेब, कव्हाची हाय?”

“छप्पनची.”

“मंग आमच्यापक्षा धाकली. काय लावलं?”

मालक सुसंस्कृत होते, त्यामुळे फसले. ताडपत्रीचं टोक वर झालं. १९५६ची मर्सिडीज १९० एसएल, दोन दारं, उघडं टप. मामा गाडीभोवती फिरले. बॉनेटवर हात ठेवला, टायर दाबलं, वाकून खालून पाहिलं. तोंड उघडून दात मोजायचेच काय ते राहिले.

“काट्यानं धरली तर चाळीस हजार,” मामांनी सुरुवात केली. मालकांच्या हातातला पापड मोडला. “घाबरू नका. हौसेनं लई जाईल. फकस्त जरा खर्च करा. सीट फाटल्यात, रेक्झिन टाकून घ्या. रंग उडाला, त्याला चेरी कलर मारा. आन् हे इंजिन काढून डिझेल बसवा. ॲव्हरेज भेटंल.”

मालक पाणी प्यायले. मग त्यांनी समजावून सांगितलं ते मला पलीकडच्या बाकड्यावरून नीट ऐकू आलं. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात सगळं उलटं असतं. चासीवर कोरलेला नंबर आणि इंजिनाचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळला पाहिजे. इंजिन बदललं की किंमत कोसळली. कारखान्याचा मूळ रंग, मूळ चामडं, मूळ घड्याळ हवं. मूळचं फाटकं चामडंसुद्धा नव्या कोऱ्या रेक्झिनपेक्षा महाग. पहिला मालक कोण, त्याने कुणाला विकली, पावत्या आहेत का, ही वंशावळ वेगळी. आणि मुख्य म्हणजे किती बनवल्या. या १९० एसएल १९५५ ते १९६३ या काळात २५,८८१ निघाल्या, म्हणून ही गाडी घेण्याचं स्वप्न तरी बघता येतं. त्याच कंपनीच्या १९५५च्या ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे फक्त दोन बनल्या. त्यातली एक ५ मे २०२२ रोजी श्टुटगार्टच्या लिलावात साडेतेरा कोटी युरोला गेली.

“रुपयात?”

“सुमारे अकराशे कोटी.”

फाट्यावर शांतता पसरली. मामांनी चालू असलेलं पेन काढलं. हळद अकरा हजारानं धरली तर दहा लाख क्विंटल. लगेच वाद पेटला, पण गाडीवरून नाही. हळद अकरा हजारानं का धरली यावरून. वसमतचा एकजण जेवण टाकून उठला. पाच मिनिटं मर्सिडीज बाजूला राहिली आणि भावात कोण कुणाला बुडवतं याच्यावर सभा झाली.

त्यातून सावरून मामांनी निजाम काढला. मराठवाड्यात जुन्या मोटारीचा विषय निजामावर गेल्याशिवाय संपत नाही. मालकांना तीही गोष्ट माहीत होती: निजाम महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइस मागवली, आत सिंहासनासारखी उंच बैठक असलेली, पिवळी. १९११ साली ते वारले, गाडी आली ती मुलाच्या, उस्मान अलींच्या काळात. ती आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे आणि एवढ्या वर्षांत जेमतेम साडेतीनशे मैल चालली आहे.

“मीटर मागं फिरवलं आसंल,” मामा म्हणाले.

या एका वाक्यात जुन्या गाड्यांच्या व्यवहारातली अर्धी अक्कल आहे, असं माझं मत आहे. लंडनचा लिलाववाला हेच विचारतो, फक्त सूट घालून.

मामांचा पुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. एवढी गाडी, मग वरातीला किती भाडं येतं? मालक म्हणाले, येत नाही. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नवीन नोंदणीची फी वीस हजार. मात्र ती गाडी रोज चालवायची नाही आणि धंद्याला लावायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

“म्हंजे वीस हजार भरून गाडी चालवायची न्हाई?”

“हो.”

“आन् फाटक्या सीटला जादा पैसे?”

“हो.”

मामांनी रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या काळी-पिवळीकडे पाहिलं. मूळ रंग, मूळ फाटक्या सीट, वंशावळ सगळ्या फाट्याला पाठ. तिच्या मालकाने त्याच दिवशी भाव वाढवला. गिऱ्हाईक अजून आलेलं नाही.

मग विम्याचं निघालं. अशा दुर्मीळ गाडीला घसारा लावत नाहीत. जाणकाराकडून मूल्यांकन करून घेतात, मग मालक आणि कंपनी बसून एक आकडा कबूल करतात. पुढे काही झालं तर तोच आकडा. हे ऐकून मामांचा चेहरा पहिल्यांदा फुलला. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, मालकांच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. मालक गोंधळले, मग हसले, मग एकाएकी गंभीर झाले. मामांनी कोणती बोटं दाबली ते कुणालाच दिसलं नाही. मालकांनी हात सोडवला, ताडपत्रीची दोरी स्वतः पुन्हा आवळली आणि ड्रायव्हरला म्हणाले, “चला, अकोल्याच्या आधी कुठं थांबायचं नाही.”

आकडा काय होता, हे मामा सांगत नाहीत. दलालीचा धर्म आहे म्हणतात. नंतर मी बाजारभाव चाळून पाहिले तेव्हा सुस्थितीतल्या १९० एसएलच्या किमती परदेशात कोटीच्या घरात सापडल्या. वर आपल्याकडे आणायची म्हटलं तर आयात शुल्क आणि कर. मामांना हे सांगितलं, तर त्यांनी मान हलवली आणि समोरून जाणाऱ्या ट्रेलरवरच्या बॉयलरची किंमत सांगितली.

मामांनी स्वतः एकही मोटार कधी घेतली नाही. ते एसटीने फिरतात. पंच्याहत्तरी उलटल्यापासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत त्यांना तिकीट पडत नाही.