नाकापेक्षा भाव जड

प्रजननापूर्वी पगचा श्वास तपासण्याची खर्चिक प्रथा ब्रिटनमध्ये 2019 पासून आहे. कुत्र्याला 3 मिनिटे दुडक्या चालीने पळवतात, आधी आणि नंतर स्टेथोस्कोप लावतात, 0 ते 3 अशी श्रेणी देतात. 3 मिळालेल्याने संसार मांडू नये, असा सल्ला. आपल्याकडची पद्धत अधिक सुटसुटीत: घोरणे शेजारच्या फ्लॅटपर्यंत पोहोचले की जातिवंतपणा सिद्ध. नाक जितके आत, तितका भाव वर. या हिशेबाने बिननाकाचा पग अमूल्य ठरेल आणि श्वासाचा प्रश्नही कायमचा मिटेल. ही जात घरोघरी पोहोचली ती 2003 च्या मोबाइल नेटवर्कच्या जाहिरातीमुळे; त्यातला पग मुलाच्या मागे सगळीकडे जाई. आजचे वारसही निष्ठेने मागे येतात. दुसऱ्या मजल्यावर रेंज जाते.