मुदतपत्र धाडणाऱ्या विलायती साहेबांस

विलायतेतील अज्ञात इंजिनियर साहेब यांचे सेवेसी,



कोल्हापुरात पंचगंगेवरील जो दगडी पूल आपल्या अमदानीत १८७८ साली पुरा झाला आणि पुढे शिवाजी पूल या नावाने आमचा झाला, त्याची मुदत भरल्याचे पत्र आपण धाडले आहे, असे गंगावेशीतल्या चहाच्या टपरीवर इतक्या खात्रीने सांगतात की, ते पत्र डोळ्यांनी पाहिलेला एकही इसम मला आजवर भेटला नाही, याचे मला काहीच वाटेनासे झाले आहे. राज्य सोडून गेलात, पण आमच्या पुलांचे दफ्तर तेवढे उशाशी घेऊन निजता, हे आपले औदार्यच!

आपण कमानीत बसविलेला एकेक घडीव काळा दगड शेजाऱ्याच्या अंगावर रेलून उभा आहे, आणि वरून जितका भार यावा तितके ते एकमेकांस घट्ट धरून तो पायाकडे उतरवितात. २०१९च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडून पाणी ५५ फुटांवर गेले, तेव्हाही त्यांनी ही भाऊबंदकी मोडली नाही. (आमच्या भाऊबंदकीचा अर्थ नेमका उलटा आहे, हे आपणांस ठाऊक असेलच.)

थट्टा क्षणभर बाजूस ठेवतो. २६ जानेवारी २०१८च्या रात्री याच पुलाचा कठडा तोडून मिनीबस नदीत गेली आणि १३ माणसे गेली. त्या वेळी शेजारचा पर्यायी पूल, ब्रह्मपुरीच्या टेकडीतील प्राचीन अवशेषांच्या रक्षणार्थ केलेल्या कायद्यापुढे अडून, अर्धवट उभा होता. याच टेकडीत सापडलेला रोमन घडणीचा समुद्रदेव टाऊन हॉलच्या संग्रहालयात सुखरूप आहे.

आता मूळ अर्ज. पुलाच्या नदीकडल्या अंगाला, दगडांच्या सांध्यातल्या चुन्यात, पिंपळाचे एक रोप आले आहे. पाने तीन, त्यांतले एक अजून तांबूस. आज ते चिमटीने निघेल, पुढील पावसाळ्यात विळा लागेल, आणि त्यापुढे निविदा. मी इथे दिलेल्या अर्जाची पोचसुद्धा मिळालेली नाही. आपल्या न आलेल्या पत्रावर मात्र सारे शहर विसंबून आहे. तरी मेहेरबानी करून पुढील पत्रात मुदतीच्या खाली, ‘पिंपळ उपटावा,’ एवढा मजकूर वाढवावा.

आपला नम्र,
पुलावरचा एक पादचारी

ता. क. – चौथे पान फुटले.